टाकीच्या काठावर थांब

तळीये, ता. महाड

चि. रोहन यास,


महाड एमआयडीसीत लॅबला ट्रेनी लागलास, ऐकून बरं वाटलं. ताई मात्र फोनवर गप्पगप्प होती. ३ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्याच एका औषध कारखान्याला आग लागून ११ कामगार गेले, तेच तिच्या मनात असणार.

ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नाही, हे तू कॉलेजात शिकलास. गॉगलही घालशील. मला धास्ती आहे ती ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या, सँपलची. नव्या पोराला बाटली देऊन सांडपाण्याच्या टाकीवर धाडतात. तिथल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड साठतो. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, मग येईनासा होतो. गॅस तिथंच असतो, नाक बधिर झालेलं असतं. हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग गॅस झाला की काही मिनिटांत वास कळत नाही. १००० च्या आसपास एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो.

मी पंचविशीत असताना आमच्या कारखान्यात एकजण असाच टाकीत पडला. दुसरा त्याला काढायला उतरला. दोघेही गेले. तिसरा मी, पाय शिडीवर होता. फोरमनने कॉलर धरून मागे ओढलं, तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या.

आपल्या गावाची रीत तू पाहिलीस. २२ जुलै २०२१ ला दरड आली, रस्ते बंद, महाड पाण्यात. बाहेरची मदत यायला दुसरा दिवस उजाडला. तोवर हाती लागेल त्याने माणसं माती उपसत होती. वरून आणखी डोंगर येईल का, हे कुणी पाहिलं नाही. तूही त्यातलाच, म्हणून लिहितो. टाकीत कुणी पडला तर आत उतरू नकोस. ओरड, सायरन वाजव, पाठीवर हवेचा सिलिंडर लावलेला माणूस येईपर्यंत लांब थांब. रुमालाने किंवा साध्या मास्कने हा गॅस अडत नाही. थांबणं फार जड जाईल, तरी थांब.

ट्रेनिंगच्या रजिस्टरवर न ऐकता सही करू नकोस. भोपाळच्या गॅसकांडानंतर, १९८७ साली, फॅक्टरी कायद्यात कामगाराला सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण मागायचा हक्क लिहिला गेला. मागायला लाजू नकोस. प्रत्येक रसायनाच्या एमएसडीएसचे, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रकाचे, १६ भाग असतात, त्यातला चौथा प्रथमोपचाराचा. तो बाटली उघडण्याआधी वाच.

आणि उद्याच विचार, सँपल दोरीला बाटली बांधून वरून घेतात की खाली उतरून. उतरून म्हणाले, तर रात्री कितीही वाजले असोत, मला फोन कर.

तुझा,
मामा