पोटाचा व्यायाम आणि पोटाची चरबी

पँटचं बटण लागेनासं झालं की माणूस आधी सतरंजी अंथरतो आणि सिट-अप्स मारायला लागतो. त्यामागचा हिशोब सरळ वाटतो: दंडाचे व्यायाम केले की दंड भरतात, मग पोटाचे केले की पोट उतरेल. या हिशोबावर विसंबलेल्यांत मीही होतो, म्हणून त्यातली खोट सांगणं मला गरजेचं वाटतं. दंड भरतो म्हणजे मोठा होतो. पोट मात्र तशाच व्यायामाने लहान व्हावं अशी आपली अपेक्षा असते. स्नायू आवळल्याने एका जागी वाढ आणि दुसऱ्या जागी घट कशी होईल? ‘अमक्याचं पोट उतरलं’ हा दाखलाही इथे पुरत नाही. त्या अमक्याने त्याच महिन्यात रात्रीचा भात कमी केलेला असतो, पायी फिरणं सुरू केलेलं असतं, आणि श्रेय मात्र सिट-अप्सना मिळतं. म्हणून या बाबतीत एकट्यादुकट्याच्या अनुभवापेक्षा मोजमाप करून झालेल्या प्रयोगांचं ऐकावं, हा माझा पहिला सल्ला.

कातडीखालची चरबी पोटाच्या स्नायूंवर पसरलेली असली तरी स्नायूला ती थेट उचलून जाळता येत नाही. शरीराला इंधन लागलं की अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं रक्तातून सगळीकडे फिरतात, ठिकठिकाणच्या चरबीपेशी आपला साठा फोडून मेदाम्लं रक्तात सोडतात आणि ती काम करणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचतात. इमारतीत तळमजल्यावरचा नळ उघडा किंवा चौथ्या मजल्यावरचा, पाणी गच्चीवरच्या टाकीतूनच येतं. शरीरात अशा टाक्या अनेक आहेत एवढाच फरक. त्यांतली कोणती आधी रिकामी व्हायची हे वय, स्त्री-पुरुष भेद, आनुवंशिकता आणि संप्रेरकं ठरवतात. जळालेल्या चरबीचं पुढे काय होतं, याचा हिशोब २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी मांडला. १० किलो चरबी जळाली तर तिचा ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो आणि १.६ किलो पाणी होतं. म्हणजे घाम आणणारे पट्टे पोटाला बांधून काट्यावर जी घट दिसते ती पाण्याची. दोन-तीन ग्लास पाणी प्यायलं की ती भरून निघते.

प्रयोगही हेच सांगतात. १९७१ साली अमेरिकेत टेनिसपटूंच्या दोन्ही हातांची तुलना झाली. वर्षानुवर्षं रॅकेट फिरवणारा हात दुसऱ्यापेक्षा घेराने मोठा होता, पण कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्हीकडे सारखीच भरली. १९८४ साली एका प्रयोगात पुरुषांकडून २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप्स करून घेतल्या आणि पोट, पाठ व नितंब अशा तीन जागांच्या चरबीपेशी काढून तपासल्या. पेशी किंचित लहान झाल्या होत्या, पण तिन्ही जागी सारख्याच. पोटाला काही वेगळा लाभ झाला नव्हता. २०११ साली २४ जणांवर झालेल्या प्रयोगात काहींनी सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस फक्त पोटाचे व्यायाम केले. त्यांच्या स्नायूंचा दम वाढला, पोटाची चरबी मात्र होती तेवढीच राहिली.

यावर जाणकार वाचक उलटा पुरावा पुढे करेल, आणि तो आहेही. काम करणाऱ्या स्नायूलगतच्या चरबीत रक्तप्रवाह आणि चरबीचं विघटन थोडं वाढतं, असं २००७ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवलं; पण ती वाढ मिलिग्रॅममध्ये मोजावी एवढी अल्प होती. २०२३ साली नॉर्वेतल्या एका प्रयोगात पोटाचे दमश्वासाचे व्यायाम करणाऱ्या पुरुषांच्या धडावरची चरबी, नुसतं ट्रेडमिलवर धावणाऱ्यांपेक्षा सुमारे ७०० ग्रॅम जास्त उतरली. तिथे माणसं मोजकीच होती, व्यायाम दहा आठवडे चालला होता, पोटाचे व्यायाम करणारे ट्रेडमिलवरही धावत होते आणि दोन्ही गटांची एकूण चरबी सारखीच घटली होती. सकाळी उठून मारलेल्या पन्नास क्रंचेसना हा निकाल लागू करणं म्हणजे ताकाच्या वाटीत लोण्याचा गोळा शोधणं. दुसरा आक्षेप योगासनांचा. जर्मनीत २०१६ साली पोट सुटलेल्या स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात बारा आठवड्यांच्या योगवर्गाने कंबरेचा घेर सरासरी ३.८ सेंटिमीटर कमी झाला. पण ते वर्ग आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी दीड तासाचे आणि सर्वांगाच्या आसनांचे होते. तेव्हा योगाने पोट उतरू शकतं हे मान्य. एकट्या कपालभातीने ते उतरतं, हे त्यातून निघत नाही.

‘मग पंधरा दिवसांत पोट आत गेल्यासारखं का दिसतं?’ असंही विचारलं जातं. स्नायूंना बळ आल्याने माणूस ताठ उभा राहतो आणि पोट आत धरतो. चरबी तेवढीच असते. ‘फायदा नसेना, तोटा तरी काय?’ या प्रश्नाचं उत्तर अधिक गंभीर आहे. सिट-अप्समध्ये कणा वारंवार वाकतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब येतो. ज्यांची कंबर आधीच धरलेली आहे त्यांना तो बाधू शकतो. हर्निया असलेल्यांनी आणि बाळंतपणानंतर पोटाच्या स्नायूंमध्ये फट पडलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे व्यायाम करूच नयेत. पण सगळ्यात मोठा तोटा मनाचा होतो. महिनाभर घाम गाळूनही टेप जागची हलत नाही, मग ‘आपल्याला व्यायाम लागूच पडत नाही’ असा निष्कर्ष काढून माणूस चालणंही सोडून देतो.

आपल्याला हे परवडणारं नाही, कारण पोट सुटणं हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न नाही. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. यकृत आणि आतड्यांभोवती साठते ती चिमटीत येत नाही, आणि मधुमेह व हृदयविकाराशी जास्त संबंध तिचाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आतून चरबीचं, असं आपल्याकडचं अनेकांचं शरीर असतं. म्हणून दक्षिण आशियाई लोकांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर एवढी कमी ठरवली आहे.

या आतल्या चरबीवर उपाय आहे आणि तो महागही नाही. कॅनडात २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्थूल पुरुषांना बारा आठवडे रोज सुमारे तासभर भरभर चालणं किंवा हलकं धावणं असा व्यायाम दिला होता. ज्यांना खाणं वाढवून वजन मुद्दाम आहे तेवढंच ठेवायला सांगितलं होतं, त्यांचीही पोटातली चरबी घटली. म्हणजे वजनकाटा हलला नाही म्हणून कष्ट वाया गेले असं समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम असा आहे. उठाबशा, जोर, वजनं यांतलं जे झेपेल ते चालेल. ताटाकडे पाहणं मात्र टळत नाही. अर्धा तास भरभर चालून साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात आणि एका वडापावातून त्याहून जास्त पोटात जातात. रोजच्या चहातली साखर, चारचं फरसाण आणि रात्री उशिराचं जेवण आवरलं तरच चालण्याला फळ येतं. छातीत दुखत असेल, मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा वर्षानुवर्षं व्यायामाची सवय नसेल तर आधी तपासणी करून घ्यावी.

पोटाचे व्यायाम सोडा असं मी म्हणत नाही. प्लँकसारखे व्यायाम कंबरेला आधार देतात आणि त्यासाठीच ते करावेत. पोट उतरवायचं तर चालायला निघा आणि ताटातलं थोडं कमी करा. शिंप्याची टेप घ्या, श्वास सोडून सगळ्यात खालची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध माप घ्या आणि आजची तारीख घालून लिहून ठेवा. पुढचं माप महिन्याने घ्या, तोवर आरशाचं ऐकू नका.