न दिसणाऱ्या वस्तूंचे प्रदर्शन

संग्रहालय ही मुळात पाहण्याची जागा आहे. प्राचीन प्राण्याचा सांगाडा असो वा वाफेचे इंजिन असो, वस्तू समोर मांडली आणि तिच्याखाली दोन ओळींची पाटी लावली की संग्रहालयाचे निम्मे कार्य पार पडते. अब्जांश विज्ञानाच्या, म्हणजेच नॅनोविज्ञानाच्या बाबतीत मात्र ही रीत पहिल्याच पायरीवर अडते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सुमारे 80,000 ते 1,00,000 नॅनोमीटर भरते, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारणतः 400 ते 700 नॅनोमीटर असते. या तरंगलांबीहून कितीतरी लहान असलेल्या कणाचे रूप नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाची भिंगे कितीही सुधारली तरी त्यातून दिसत नाही. मग प्रेक्षकांपुढे मांडावे तरी काय?

पहिले उत्तर सहज सुचते, ते म्हणजे चित्रे. 1981 साली गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी झ्युरिकजवळील आयबीएमच्या प्रयोगशाळेत एक आगळा सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. त्याबद्दल 1986 चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. धातूच्या अतिसूक्ष्म सुईचे टोक पृष्ठभागापासून जेमतेम एका नॅनोमीटरवर नेले असता मधल्या फटीतून जो अत्यल्प विद्युत्प्रवाह वाहतो, तो मोजून हे उपकरण पृष्ठभागाचा चढउतार नोंदवते. या नोंदींवरून तयार झालेली अणूंची चित्रे भिंतीवर लावली की प्रेक्षक थक्क होतात, यात शंका नाही. परंतु त्यांतील निळा-जांभळा रंग अणूंचा नव्हे. तो चित्र तयार करणाऱ्याने निवडलेला असतो. अणूएवढ्या वस्तूला आपल्या परिचयाचा रंगच नसतो. पाटीवर हे सांगितले नाही, तर ते छायाचित्रच आहे असे समजून प्रेक्षक घरी जातो, आणि न पाहिल्याहूनही हे वाईट.

अमेरिकेत 2005 साली राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या साहाय्याने विज्ञान संग्रहालयांचे एक जाळे उभे राहिले. बॉस्टन, मिनेसोटा आणि सॅन फ्रॅन्सिस्को येथील संग्रहालयांनी त्याचा भार उचलला. त्यांच्या कामातून पुढे आलेला मार्ग वेगळा होता: वस्तू दाखवता येत नसेल, तर आकार लहान होताच वस्तूचे वागणे कसे पालटते, ते दाखवावे. याचा सर्वांत साधा प्रयोग दोन पेल्यांचा. नेहमीचा पेला पाण्याने भरून उपडा केला की पाणी सांडते. बाहुलीच्या खेळातला इवलासा पेला तसाच उपडा केला, तर पाणी आतच राहते! पेला लहान होतो तसे आतल्या पाण्याचे वजन फार झपाट्याने घटते. पृष्ठताण मात्र त्या वेगाने घटत नाही आणि अखेर गुरुत्वाकर्षणावर मात करतो. हा पेला अर्थातच नॅनो आकाराचा नाही, त्याहून लाखो पटींनी मोठा आहे. तथापि आकाराबरोबर बलांची सत्ता बदलते, ही गोष्ट मुलाच्या हाताला येथे कळते, आणि जे पुढे सांगायचे असते त्याचा पाया तेवढ्यात घातला जातो.

गंमत अशी की, डोळ्यांना पटेल असा पुरावा जुन्या संग्रहालयांत आधीपासूनच होता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातील रोमन काचेचा ‘लायकर्गस चषक’ आहे. बाहेरून प्रकाश पडला तर तो हिरवट दिसतो. आत दिवा ठेवला तर माणकासारखा लाल होतो. काचेत सोन्याचांदीचे सुमारे 70 नॅनोमीटर आकाराचे कण विखुरलेले आहेत, त्यांची ही करामत. घडवणाऱ्या कारागिरांना त्या कणांची कल्पना असणे शक्य नव्हते. लंडनमध्येच, रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, मायकेल फॅरडेने 1850 च्या दशकात तयार केलेली सोन्याच्या सूक्ष्म कणांची द्रावणे जपून ठेवली आहेत. येथे सोने पिवळे नाही, तांबूस आहे. पदार्थ तोच, गुण निराळा. आणि फरक केवळ आकाराचा. शंभर चित्रांनी जे साधत नाही ते अशी एक कुपी साधते.

म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमने आणखी एक पाऊल टाकले. तेथे काचेच्या भिंतीआड नव्हे, तर प्रेक्षकांच्या समोरच प्रत्यक्ष संशोधन चालणारी प्रयोगशाळा मांडण्यात आली. प्रेक्षकांनी संशोधकांना थांबवून प्रश्न विचारावेत, ही त्यामागील अपेक्षा. सुईचे टोक बिघडते, नोंद फसते, ती पुन्हा घ्यावी लागते, हे पाहिलेला माणूस भिंतीवरील गुळगुळीत चित्राकडे निराळ्या नजरेने पाहील.

या साऱ्याला व्यवहाराचीही एक बाजू आहे. हे कण आज बाजारात आहेत. जंतुनाशक म्हणून चांदीचे कण मोज्यांत घालतात आणि त्यांतील काही अंश धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. अशा वस्तू घ्याव्यात की नाही, त्यांवर निर्बंध असावेत की नाही, हे प्रश्न तज्ज्ञांपुरते राहत नाहीत. अमेरिकेतील त्या संग्रहालयांनी 400 चौरस फुटांत मावणारे ‘नॅनो’ नावाचे छोटे प्रदर्शन तयार करून त्याच्या नव्वदाहून अधिक प्रती देशभर पाठवल्या. त्यात एक डळमळते मेज होते. प्रेक्षकांनी त्यावर ठोकळे मांडून संपूर्ण शहर उभे करायचे. तोल मात्र ढळू द्यायचा नाही. एकट्याला हे कठीण जाते, कारण एका बाजूला ठोकळा ठेवताच दुसरी बाजू वर उचलली जाते. म्हणून मेजाभोवती जमलेल्या अनोळखी माणसांना आपसांत बोलावेच लागते.