नाताळाचा सण आणि रिकाम्या बरण्या

नाताळ जवळ आला म्हणजे खेड्यांतील आपल्या मंडळ्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. उपासनामंदिर व घर कशाने शृंगारावे, हा एक. आणि आप्तेष्टांस, म्हाताऱ्याकोताऱ्यांस व मुलांस काय द्यावे, हा दुसरा. दोहोंचे उत्तर बाजारात शोधावयास गेले म्हणजे हातातला पैसा पुरत नाही, आणि सणासाठी काढलेली उसनवारी फेडता फेडता होळी येते. ज्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्या घराने झिरमिळ्यांपायी कर्जात पडावे, हे आम्हांस मुळीच बरे वाटत नाही. म्हणून आज एका साध्या वस्तूविषयी लिहितो. ती म्हणजे लोणच्याची, कॉफीची किंवा मधाची संपलेली मोठी काचेची बरणी.

काच ही एके काळी आपल्याकडे अपूर्वाईची वस्तू होती. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला, आणि १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्यांचा प्रभाकर कंदील पुढे घरोघर लागला. त्या दिवसांत रिकामी बाटली कोणी उकिरड्यावर टाकीत नसे. आज दुकानातील गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या बहुधा प्लॅस्टिकच्या असतात. तरी तालुक्याच्या गावी खाणावळीतून व चहाच्या हॉटेलांतून काचेच्या मोठ्या बरण्या अजून रिकाम्या होतात, आणि मागितल्या तर पुष्कळदा फुकट मिळतात.

परंतु बरणी घेताना एक गोष्ट आधी पाहावी, आणि ती उपदेशक बंधूंनी मंडळीत स्पष्ट सांगावी. जिच्यात फवारणीचे औषध, उंदरांचे विष, तेजाब किंवा अशीच एखादी वस्तू होती, ती बाटली अथवा बरणी कितीही सुंदर असली तरी घरात आणू नये. ती दहा वेळा धुतली म्हणून निर्धोक होत नाही. "खाण्यास नाही, केवळ शोभेस ठेवतो," असेही म्हणू नये. कारण शोभा चार दिवसांची, आणि पुढे त्याच बरणीत एखादी सून साखर भरते. पूर्वी काय होते हे ज्या बरणीविषयी ठाऊक नाही, तीही वर्ज्य समजावी. तसेच काठावर टवका उडालेली बरणी खाण्याच्या पदार्थास घेऊ नये. नखाने टिचकी मारून पाहावी. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कोठे तरी तडा आहे असे समजावे.

आता स्वच्छतेविषयी. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून बरणी रात्रभर बुडवून ठेवावी, म्हणजे वरील कागद सुटतो. डिंक चिकटून राहिला तर त्यावर थोडे खोबरेल चोळून तासाभराने फडक्याने पुसावा. लोणच्याचा वास सहजी जात नाही. त्याकरिता खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने आतून धुऊन, बरणी वाळल्यावर तिच्यात वर्तमानपत्राचा चुरगाळलेला कागद कोंबावा व दोन दिवस ठेवावा. झाकण निराळे उन्हात टाकावे. वास बहुतेक झाकणातच दडलेला असतो. खाद्यपदार्थ भरावयाचा असेल तर पातेल्याच्या तळाशी फडके घालून त्यावर बरणी ठेवावी, ती बुडेल इतके थंड पाणी ओतावे आणि मग मंद आचेवर उकळी आणून दहा मिनिटे उकळू द्यावे. थंड बरणीत एकदम उकळते काही ओतू नये. काचेतून उष्णता सावकाश जाते. आतली बाजू तापून फुगते, बाहेरची तशीच राहते, आणि त्या ओढाताणीत काच तडकते. हा धडा आम्ही मोरावळ्याचा गरम पाक ओतून आमच्याच स्वयंपाकघरात शिकलो, आणि दोन दिवसांची मेहनत जमिनीवर गेली.

शृंगारात पहिला मान दिव्यास. मोठ्या तोंडाच्या बरणीत तळाशी चार रंगीत खडे किंवा झेंडूची फुले घालून ती पाऊण भरेल इतके पाणी ओतावे, आणि वर अर्धा इंच गोडे तेल सोडावे. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे ते वर तरंगते. बुचाच्या पातळ चकतीस भोक पाडून त्यावर पत्र्याचा लहान तुकडा बसवावा, दोहोंतून कापसाची वात ओवावी व ती तेलावर सोडावी. या दिव्याचा मोठा गुण हा की, तेल संपले म्हणजे वात पाण्यास लागून दिवा आपोआप विझतो. नाताळाच्या आदल्या रात्री उपासनेस मुले दाटीने बसतात, तेथे हा गुण थोडा नव्हे. तेलाच्या जागी रॉकेल मात्र कदापि घालू नये. उघड्या बरणीतले रॉकेल म्हणजे आगीस आमंत्रण होय. मेणबत्ती लावावयाची तर तळाशी दोन इंच कोरडी वाळू घालून ती मधोमध रोवावी, ज्योत काचेस लागू देऊ नये, आणि जवळ कागदी माळा नसाव्यात. ज्यांना परवडते त्यांनी सेलवर चालणारी बारीक दिव्यांची माळ बरणीत सोडावी. तिला ही कोणतीच भीती नाही.

विलायती नाताळपत्रांवर बर्फ असते म्हणून काही ठिकाणी बरणीत कापूस पसरून बर्फाचा देखावा करतात. करोत बापडे. पण आमच्या शिवारात डिसेंबरात शाळू उभा असतो व हरभरा फुलावर येतो, आणि आम्हांस हिरवा रंगच अधिक शोभतो असे वाटते. फ्रान्स देशाच्या दक्षिणेस प्रोव्हान्स प्रांतात ४ डिसेंबर रोजी बशीत गहू पेरून त्याची हिरवळ नाताळाच्या मेजावर ठेवण्याची जुनी चाल आहे. आपल्याकडेही हे सहज होईल. बरणीस पाणी निघून जाण्यास भोक नसते, म्हणून तळाशी बोटभर बारीक खडी व कोळशाचा चुरा घालावा, त्यावर चाळलेली माती, आणि मग रात्रभर भिजवलेले गहू. पाणी शिंपडण्यापुरतेच द्यावे, नाहीतर मुळे कुजतात. शब्बाथ शाळेतील प्रत्येक मुलाने एक बरणी सांभाळली, तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायातील २४ वे वचन शिकविताना दुसरे साधन लागणार नाही.

झाडे व बरणी यांची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. लंडन शहरातील नथानियल वॉर्ड नावाच्या डॉक्टराने १८२९ च्या सुमारास एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बरणीत ठेवला होता. काही दिवसांनी पाहतो तो त्या मातीत नेचा उगवलेला! शहराच्या धुराने बाहेर जे झाड जगत नव्हते, ते आत जगले. कारण मातीतील ओल वाफ होऊन काचेस लागे व थेंब होऊन पुन्हा मातीत पडे. यावरूनच त्याने काचेच्या बंद पेट्या केल्या, आणि अशाच पेट्यांतून १८४८ नंतरच्या काही वर्षांत रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची हजारो रोपे हिंदुस्थानात पाठविली.

आता भेटींविषयी. डिसेंबरात आवळा स्वस्त असतो. आवळे वाफवून किसावे, किसाच्या सव्वापट गूळ घालून एकतारी पाक होईपर्यंत शिजवावे, वेलची घालावी आणि कोमट झाल्यावर कोरड्या बरणीत भरावे. झाकण पत्र्याचे असेल तर आंबट पदार्थाने ते गंजते, म्हणून खाली तेलकट कागद घालावा. किंवा झाकण सोडून जुन्या लुगड्याच्या स्वच्छ तुकड्याचा दादरा बांधावा. रंगीत काठ वर आला म्हणजे वेगळी फीत आणावयास नको. चिवडा किंवा शंकरपाळी भरताना ती पुरती निवू द्यावी, नाहीतर आत वाफ धरून मऊ पडतात.

अमेरिकेत बिस्किटांचे कोरडे साहित्य बरणीत थर लावून भेट देण्याची रीत आहे. आपण त्याच रीतीने खिचडीची बरणी करावी. पांढरे तांदूळ, पिवळी मुगडाळ, तांबडी मसूरडाळ व हिरवे मूग असे थर लावावे. एक लिटरच्या बरणीत पाऊण किलोहून थोडे अधिक धान्य मावते. धान्य आधी उन्हात वाळवून थंड करावे म्हणजे सोंडे पडत नाहीत, आणि बरणी गळ्यापर्यंत दाबून भरावी म्हणजे वाटेत थर मिसळत नाहीत. वर मसाल्याची पुडी ठेवावी. ज्या विधवा आजीबाईस कोणी "धान्य देतो" म्हटले तर संकोच वाटतो, ती रंगीत थरांची ही बरणी सणाची भेट म्हणून हसून घेते, व तिचे चार दिवसांचे जेवण भागते.

बरणी परत मागू नये. ती कोणी आपण होऊन परत केलीच, तर आपल्यात भांडे रिकामे परत न करण्याची चाल आहेच. बरण्या नोव्हेंबरअखेर जमवून धुऊन ठेवाव्या, मोरावळा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करावा, आणि गहू १२ तारखेच्या सुमारास पेरावे. थंडी अधिक असेल त्या गावी दोन दिवस आधी.