शोभेचे अक्षर किती लांबून वाचता येते?

जुन्या दुकानांच्या पाट्या किंवा पुस्तकांची मुखपृष्ठे नीट पाहिलीत, तर एक गोष्ट ध्यानात येईल. मथळ्याचे अक्षर मजकुराच्या अक्षरासारखे नसते. त्याच्या जाड रेघा फार जाड, बारीक रेघा फार बारीक आणि टोके सजवलेली असतात. रोमन लिपीत रेघेच्या टोकाला लहानसा आडवा पाय असतो, त्याला ‘सेरिफ’ म्हणतात. देवनागरीतला जाडबारीकपणा तिरप्या कापलेल्या बोरूतून आला. ही ऐट मोठ्या अक्षराला शोभते, मग लहान अक्षरात का बिघडते?

७२ पॉइंटांचा खिळा सुमारे १ इंच उंच असतो. त्यावरील बारीक रेघ ०.५ मिलिमीटर आहे असे समजा. तेच अक्षर ८ पॉइंटांवर आणले, की प्रत्येक माप एक नवमांश होईल आणि रेघ ०.०६ मिलिमीटरहूनही बारीक उरेल. अशी रेघ छापताना तुटते आणि अक्षरातील पोकळ्या शाईने भरतात. म्हणून शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकारमानासाठी अक्षर निराळे कोरीत. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत सुरू केलेला निर्णयसागर छापखाना अशा रेखीव खिळ्यांसाठी नावाजला. ती अक्षरे कोरणारे कारागीर होते राणोजी रावजी आरू. आज संगणकावर एकच अक्षर कळ दाबून हवे तेवढे लहानमोठे करता येते. त्यामुळे ही काळजी आता आपणच घ्यायची.

पाटीच्या बाबतीत अंतराचाही विचार हवा. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांनी डोळ्याशी निदान १ मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, कोन करावा लागतो. हा कोन सुमारे १/३४०० रेडियन भरतो. म्हणून अंतराला ३४०० ने भागले, की डोळ्याला दिसू शकणारी लहानात लहान फट मिळते. ३० सेंटिमीटरवरून ती ०.०९ मिलिमीटर येते, तर १० मीटरवरून जवळजवळ ३ मिलिमीटर!

आता ‘ध’ आणि ‘घ’ पाहा. ‘ध’ची शिरोरेषा मध्ये तुटते, ‘घ’ची सलग असते. ‘भ’ आणि ‘म’ यांचेही तसेच. सजावटीच्या भरात ही फट अरुंद झाली, तर लांबून ‘धन’चे ‘घन’ होईल आणि ‘भार’चा ‘मार’!

हा प्रयोग करून पाहा. पांढऱ्या पुठ्ठ्यांवर काळ्या शाईने ‘ध’ काढा. फट एकावर १, दुसऱ्यावर २ आणि तिसऱ्यावर ३ मिलिमीटर ठेवा. प्रत्येकाच्या जोडीला तेवढाच ‘घ’ काढा. बाकीचा आकार शक्यतो सारखा असू द्या. मित्राने चांगल्या उजेडात कोणताही पुठ्ठा दाखवावा आणि तुम्ही एकेक पाऊल मागे जात अक्षर ओळखावे. गणिताप्रमाणे ३.४, ६.८ आणि १०.२ मीटरच्या आसपास चुका सुरू व्हायला हव्यात. काळ्याऐवजी पिवळी शाई घेतली, तर हे अंतर वाढेल की घटेल? आधी अंदाज लिहा, मग मोजा. शाळेचे पुढचे भित्तिपत्रक करताना हा तक्ता जवळ असू द्या.