ग्रॅच्युइटीचा कागद आणि ॲक्च्युअरीचा अभ्यास

गेल्या वर्षी आपल्या शाळेतून दोन शिक्षिका आणि एक शिपाई एकाच सत्रात निवृत्त झाले. निरोप समारंभ छान झाला. त्यानंतरच्या बैठकीत खजिनदारांनी ग्रॅच्युइटीचा हिशेब वाचून दाखवला, तेव्हा मात्र थोडा वेळ कोणीच बोलले नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात २००९ साली दुरुस्ती होऊन शिक्षकही त्याच्या कक्षेत आले, आणि तेही ३ एप्रिल १९९७ पासून मागे जाऊन. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. हे आम्हां सर्वांच्या कानावर होते, पण दरवर्षी थोडे थोडे पैसे बाजूला ठेवायला हवे होते ते आम्ही ठेवले नव्हते. शेवटी सभागृहाच्या दुरुस्तीसाठी जपलेली मुदत ठेव मोडावी लागली.

पुढची वेळ अशी येऊ नये म्हणून एका ॲक्च्युअरीकडून, म्हणजे विमागणितज्ञाकडून, सर्व कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीचे मूल्यमापन करून घेतले. चार पानांचा कागद आला. तो सूचनाफलकाशेजारी लावला तेव्हा पालकांपैकी कित्येकांनी विचारले, "हे काम करणारी माणसे शिकतात तरी कुठे?" त्याच सुमारास आपली एक माजी विद्यार्थिनी परदेशात याच विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी संस्थेकडे साहाय्य मागायला आली. म्हणून या अंकात हा लेख.

विद्यार्थी मित्रांनो, आधी त्या कागदातले गणित पाहू. ग्रॅच्युइटीचे सूत्र सोपे आहे. शेवटचा मासिक पगार (मूळ पगार आणि महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे. समजा एखाद्या बाईंचा निवृत्तीच्या वेळचा पगार ५२,००० रुपये आणि नोकरी २८ वर्षांची. ५२,००० भागिले २६ म्हणजे २,०००; गुणिले १५ म्हणजे ३०,०००; गुणिले २८ म्हणजे ८ लाख ४० हजार रुपये. इथवर आठवीतला मुलगाही येईल.

खरा प्रश्न पुढे आहे. या बाई दहा वर्षांनी निवृत्त होणार असतील, तर आज किती रक्कम बाजूला ठेवावी? शेकडा ७ दराने चक्रवाढ व्याज धरले तर दहा वर्षांनी लागणाऱ्या १०० रुपयांसाठी आज सुमारे ५१ रुपये पुरतात. म्हणजे ८ लाख ४० हजारांसाठी आज सुमारे ४ लाख २७ हजार. पण दहा वर्षांनी पगार नक्की किती असेल? बाई मध्येच नोकरी सोडून मुलीकडे पुण्याला गेल्या तर? कोणी सेवेत असतानाच वारले तर? व्याजाचा दर ७ वरून ५ वर आला तर? या प्रत्येक 'तर'ला संभाव्यतेचा आकडा लावायचा आणि सगळ्यांचा मेळ घालून आजची एक रक्कम सांगायची, हे ॲक्च्युअरीचे काम.

आता यातील सर्वात महत्त्वाची गोष्ट. समजा १,००० कुटुंबांनी मिळून एक निधी काढला. वर्षभरात कोणी कमावता माणूस गेला तर त्याच्या घरी ५ लाख रुपये द्यायचे. अनुभवावरून हजारात ३ मृत्यू अपेक्षित आहेत असे धरू. मग लागणार १५ लाख, म्हणजे प्रत्येकाची वर्गणी १,५०० रुपये. हिशेब बरोबर दिसतो. पण अपेक्षा ३ ची असली तरी एखाद्या वर्षी ५ किंवा त्याहून जास्त मृत्यू होण्याची संभाव्यता शंभरात सुमारे १८ आहे. पाच-सहा वर्षांतून एकदा निधीला निदान १० लाखांची तूट येणार! आता सभासद एक लाख असते तर? अपेक्षित मृत्यू ३००. त्याच प्रमाणात ५०० मृत्यू होणे जवळजवळ अशक्य. ३५० च्या वर जाणेसुद्धा क्वचितच. म्हणजे माणसे वाढली की धोका नाहीसा होत नाही, पण त्याचा अंदाज भरवशाचा होतो. छोट्या ज्ञातिनिधींना वर्षे जड का जातात, याचे एक मोठे कारण इथे आहे. (विश्वस्तांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, ही विनंती.)

हे शास्त्र जिथे पक्के झाले ते गाव स्कॉटलंडमधील एडिंबरो. तिथल्या चर्चचे धर्मोपदेशक वारले की त्यांच्या विधवांचे आणि मुलांचे फार हाल होत. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन धर्मोपदेशकांनी यावर उपाय शोधायचे ठरवले. वेबस्टरांनी गावोगाव पत्रे पाठवून माहिती गोळा केली. एका वेळी सरासरी ९३० धर्मोपदेशक हयात असतात, त्यांपैकी वर्षाला सरासरी २७ वारतात आणि त्यांतील १८ जणांच्या मागे विधवा राहतात, असे दिसले. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली (धूमकेतूवाले हॅली ते हेच) यांनी १६९३ साली ब्रेस्लाउ शहराच्या नोंदींवरून केलेले आयुर्मानाचे कोष्टक वॉलेस यांनी वापरले. गणिताचे प्राध्यापक कॉलिन मॅक्लॉरिन यांनी आकडे तपासले. १७४४ साली निधी सुरू झाला. १७६५ साली निधीत ५८,३४८ पौंड असतील असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात एकच पौंड कमी भरला. आपल्या खजिनदारांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "तो एक पौंड कुठे गेला, तेही शोधायला हवे होते."

त्याच एडिंबरोत १८५६ साली ॲक्च्युअरींची संस्था स्थापन झाली. लंडनची संस्था १८४८ ची. २०१० साली दोन्ही एक झाल्या. आपल्याकडे १९४४ पासून अशी संस्था आहे आणि २००६ च्या कायद्याने तिला इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया हे रूप मिळाले.

आपली माजी विद्यार्थिनी सयाजी विद्यापीठात संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एडिंबरोच्याच हेरिएट-वॉट विद्यापीठाची ओढ आहे. तिथे ॲक्च्युअरिअल सायन्सचा एम.एस्सी. अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो : दोन सत्रे वर्ग आणि परीक्षा, मग उन्हाळ्यात प्रबंध. आयुर्विम्याचे गणित, मृत्युदराची प्रतिमाने, संख्याशास्त्र, वित्तशास्त्र असे विषय. त्याच विभागात क्वांटिटेटिव्ह फायनान्शियल इंजिनिअरिंग हा वेगळा अभ्यासक्रमही आहे. पालक या दोहोंची गल्लत करतात, म्हणून थोडे सांगतो.

ॲक्च्युअरी तीस-चाळीस वर्षांपुढचे पाहतो. वित्तगणिताचा माणूस पुष्कळदा उद्याचे, कधी पुढच्या मिनिटाचे पाहतो. घर घेताना आपण विसार देतो. समजा असा करार झाला की, तीन महिन्यांनी आजच्याच भावाने घर घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, बंधन मात्र नाही. आणि त्या हक्कासाठी दिलेले पैसे परत मिळणार नाहीत, किमतीतूनही वजा होणार नाहीत. अशा हक्काला बाजारात 'ऑप्शन' म्हणतात. त्याची वाजवी किंमत किती? १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी तिचे सूत्र प्रसिद्ध केले. रॉबर्ट मर्टन यांनी त्याच वर्षी ते अधिक पक्के केले. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्लॅक १९९५ सालीच वारले होते. आणि १९९८ साली, हे दोघे ज्या गुंतवणूक कंपनीत भागीदार होते ती लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट बुडण्याच्या बेतात आली आणि मोठ्या बँकांना पैसे ओतून ती सावरावी लागली. सूत्र चुकले नव्हते. बाजार नेहमीसारखाच वागेल हे गृहीत चुकले होते. भारतात निर्देशांकावरील ऑप्शनचे व्यवहार २००१ साली सुरू झाले. या क्षेत्रात जायचे तर कलनशास्त्र, संभाव्यता आणि संगणकाची भाषा या तिन्हींत हात चांगला बसलेला हवा. शेअरबाजाराची नुसती आवड पुरत नाही, उलट कधी कधी नडते.

आता खर्चाकडे येऊ, कारण तिच्या वडिलांनी राहता फ्लॅट तारण ठेवण्याची तयारी दाखवली आहे. परदेशातील ही पदवी घेतली म्हणजे ॲक्च्युअरी झालो, असे नाही. पदवीमुळे संस्थेच्या सुरुवातीच्या पेपरांतून सूट मिळू शकते, तीही त्या त्या विषयात ठरलेल्या पातळीचे गुण पडले तरच. पुढचे अवघड पेपर नोकरी करत, रात्री जागून, स्वतःच द्यावे लागतात. नोकरीसाठी तिथे राहण्याची मुदतही ब्रिटिश सरकारने दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणण्याचे २०२५ साली जाहीर केले. आपल्या परिचयातील एक मुलगा पदवी घेऊन आला, पण दोन विषयांतली सूट थोड्या गुणांनी हुकली. ते दोन पेपर त्याने मुंबईत बसून दिले आणि आज तो एका विमा कंपनीत आहे. कर्ज मात्र अजून फिटायचे आहे.

दुसरा रस्ता इथूनच निघतो. बारावीनंतर भारतीय संस्थेची प्रवेश परीक्षा देता येते. गणित, संख्याशास्त्र, तर्क आणि इंग्रजी एवढ्यांची तयारी लागते. मग पदवीचा अभ्यास चालू ठेवून एकेक पेपर सोडवत जायचे. पदव्युत्तर शिक्षण हवेच असेल तर संख्याशास्त्राची एम.एस्सी. आपल्या बडोद्यातच आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची एम.स्टॅट. आहे, तिची प्रवेश परीक्षा कठीण, पण निवड झाली तर शिष्यवेतन मिळते.

विश्वस्तांत या बाबतीत एकमत नाही. काही म्हणतात, मुलगी हुशार आहे, रक्कम देऊन टाकावी. काही म्हणतात, ठेव मोडून वर्ष झाले नाही, आता कुणालाच नको. आमचे मत असे : तिने आधी इथेच संख्याशास्त्राचा आणि व्याज-हप्त्यांच्या गणिताचा असे दोन पेपर द्यावेत. त्यांची फी संस्थेने भरावी. ती रक्कम परदेशी शिक्षणाच्या मानाने किरकोळ आहे. दोन्ही सुटले तर बिनव्याजी कर्जाचा विचार जरूर व्हावा, आणि फ्लॅट तारण ठेवण्यापूर्वी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून व्हावेत. एक वर्ष उशीर होईल हे तिच्या आईचे म्हणणे खरे आहे. मुलीने स्वतः मात्र दुसऱ्याच दिवशी पुस्तके मागितली.

ती पुस्तके आता शाळेच्या ग्रंथालयात आली आहेत. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी ती स्वतः दर शनिवारी दुपारच्या सुट्टीनंतर एक तास घेणार आहे. पहिल्या तासाला आपल्याच संस्थेच्या ग्रॅच्युइटीचा कागद सोडवायचा आहे. घातांकाचे बटण असलेला कॅल्क्युलेटर सोबत आणावा.