नव्या गाडीत स्टेपनी हवीच का?

प्रश्न : नव्या गाडीत स्टेपनी नाही, फक्त पंक्चर किट आहे. सांगलीहून कराड-पाटणमार्गे चिपळूणला नेहमी जातो. चालेल का?

उत्तर : नियमाने चालते. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि किट असेल, तर छोट्या प्रवासी गाड्यांना ऑक्टोबर २०२० पासून स्टेपनीची सक्ती नाही. पण किटमधलं द्रव्य खिळ्याचं बारीक भोक बुजवतं. दगडाने टायरची बाजू फाटली, तर त्याचा काही उपयोग नाही. सांगली-सातारा एवढंच फिरणं असतं, तर किटवर भागलं असतं. कोयनानगर सोडल्यावर कुंभार्ली घाटात, पावसात, रात्री कोणाला हाक मारणार? तुम्ही स्टेपनी घ्याच, जॅक-पान्यासह. डिकीत पडून तिची हवा उतरते, म्हणून दाब दर महिन्याला तपासा.