घटक ४ : कथानकाचे तर्कशास्त्र आणि खलपात्राचे प्रयोजन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस कथानकातील घटनागत विसंगती आणि पात्राच्या हेतूतील उणीव यांतील भेद सांगता येईल. खलपात्राचे म्हणणे चुकीचे असणे आणि त्याचे चित्रण फसलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल. तसेच रंजनप्रधान चित्रपटांविषयी प्रेक्षक जे वाद घालतात, त्यांकडे समीक्षेचा एक प्रकार म्हणून पाहता येईल.

४.२ प्रास्ताविक

कथानक म्हणजे केवळ घटनांचा क्रम नव्हे, त्या घटनांना जोडणारा कार्यकारणभाव होय, हे आपण जाणताच. या घटकात तोच विचार आपण एका अनपेक्षित क्षेत्रात नेणार आहोत. ते क्षेत्र म्हणजे ‘स्पेस ऑपेरा’ या नावाने ओळखले जाणारे चित्रपट. अंतराळयाने, साम्राज्ये, बंडखोर, राजकन्या आणि सर्वनाशी शस्त्रे यांनी भरलेल्या साहसकथांना हे नाव विल्सन टकर या अमेरिकन लेखकाने १९४१ मध्ये दिले. आणि ते कौतुकाने नव्हे, हेटाळणीने दिले. आज हेटाळणी विरली आहे, नाव उरले आहे.

विज्ञानकथा आणि स्पेस ऑपेरा यांत गल्लत करू नये. जयंत नारळीकरांनी टोपणनावाने लिहिलेली आणि १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळवणारी ‘कृष्णविवर’ ही कथा घ्या. तिचा सारा डोलारा भौतिकशास्त्राच्या एका नियमावर उभा आहे. तो नियम काढून घेतला, तर कथाच उरत नाही. याउलट ‘स्टार वॉर्स’मध्ये निर्वात पोकळीत स्फोटांचा गडगडाट ऐकू येतो आणि त्याबद्दल कोणीही तक्रार करीत नाही. अशक्य पण पटणारी गोष्ट ही शक्य पण न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा कवीने पत्करावी, असे ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त सुचवले आहे. प्रेक्षक निसर्गाचे नियम मोडलेले सहन करतो. कथेने स्वतःच घालून दिलेले नियम मोडले, की तो उठून बसतो. चाहत्यांच्या वादाला सुरुवात होते ती येथे.

४.३ घटनांमधील फट

चाहते ज्याला ‘प्लॉट होल’ म्हणतात, त्याला आपण कथानकातील ‘फट’ म्हणू. १९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये एका उपग्रहाएवढे अवाढव्य शस्त्र, ‘डेथ स्टार’, जेमतेम दोन मीटर रुंदीच्या एका निकास-मार्गातून सोडलेल्या अस्त्राने उद्ध्वस्त होते. एवढे बलाढ्य साम्राज्य, आणि त्याच्या अभियंत्यांना एक जाळी बसवता येऊ नये? हा प्रश्न प्रेक्षकांनी जवळजवळ चाळीस वर्षे चघळला. २०१६ च्या ‘रोग वन’ या चित्रपटाने त्याचे उत्तर दिले : सक्तीने कामाला जुंपलेल्या गेलन अर्सो या शास्त्रज्ञाने सूड म्हणून ते वैगुण्य मुद्दाम ठेवले होते. लक्षात घ्या, ही फट कोणत्याही तांत्रिक खुलाशाने भरलेली नाही. ती भरली आहे एका माणसाच्या हेतूने.

दुसरे उदाहरण अधिक गमतीचे आहे. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटात खलनायक खान हा चेकॉव्ह या अधिकाऱ्याला पाहताच ओळखतो. परंतु खानाची मूळ दूरचित्रवाणी-कथा १९६७ च्या प्रारंभी, मालिकेच्या पहिल्या पर्वात प्रक्षेपित झाली होती आणि चेकॉव्हची भूमिका मालिकेत आली दुसऱ्या पर्वात. ज्याला कधी पाहिलेच नाही, त्याला खान ओळखतो कसा? चाहत्यांनीच उत्तर शोधले : चेकॉव्ह तेव्हाही यानावर होता, फक्त कॅमेऱ्यासमोर नव्हता. याच चित्रपटात एक संपूर्ण ग्रह नष्ट झाल्याचे तेथे पोहोचलेल्या यानाच्या ध्यानातही येत नाही! तरीही हा त्या मालिकेतील सर्वोत्तम चित्रपटांपैकी एक गणला जातो. कारण खानाचा हेतू भक्कम आहे. कर्कने त्याला ज्या ग्रहावर सोडले तो ग्रह वैराण झाला, तेथे त्याची पत्नी मेली, आणि पंधरा वर्षे त्याने हा सल जोपासला. हेतू पटला, की प्रेक्षक घटनांच्या फटी स्वतःच लिंपून घेतो.

४.४ खलपात्राचे म्हणणे आणि खलपात्राचे चित्रण

आता अधिक अवघड प्रश्नाकडे वळू. ‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ (२०१८) हा शुद्ध स्पेस ऑपेरा नसला, तरी त्यातील थानोस हा त्या परंपरेतलाच खलनायक आहे. विश्वातील साधने मर्यादित आहेत आणि जीव अमर्याद वाढत आहेत, म्हणून निम्मे जीव नष्ट केले तर उरलेले सुखाने जगतील, असे त्याचे मत आहे. चाहत्यांचा आक्षेप असा, की ज्याच्या हाती चुटकीसरशी काहीही करण्याचे सामर्थ्य आले, त्याने जीव निम्मे करण्याऐवजी साधने दुप्पट का केली नाहीत? शिवाय गणितही टिकत नाही. पृथ्वीची लोकसंख्या १९७४ च्या सुमारास ४ अब्ज होती, २०२२ मध्ये ती ८ अब्ज झाली. म्हणजे थानोसचा महासंहार पन्नास वर्षांच्या आतच भरून निघाला असता.

या आक्षेपाचे उत्तर आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात शोधावे लागणार नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. तेथील हिवरे बाजार या गावाने १९९० च्या आसपासपासून, पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली, पाणलोटाची कामे केली, शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर बंदी घातली, उसासारख्या तहानलेल्या पिकांना आवर घातला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याचा पायंडा पाडला. पाऊस तोच राहिला, माणसेही तीच. उलट गाव सोडून गेलेली काही कुटुंबे परत आली. टंचाई ही केवळ माणसांच्या संख्येतून येत नाही, वाटपाच्या आणि वापराच्या रीतीतून येते, हे येथे शेतावर दिसते. थानोसचे म्हणणे खोटे आहे.

परंतु येथेच थांबून विचार करावा. थानोसचे म्हणणे खोटे ठरले म्हणून त्याचे चित्रण फसले, असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. त्याच्या स्वतःच्या ग्रहाने त्याचा सल्ला धुडकावला आणि तो ग्रह नष्ट झाला. आपणच बरोबर होतो ही खूणगाठ त्याने बांधली. आपल्या दुःखाला सिद्धान्त समजणारा माणूस असाच विचार करील. साधने दुप्पट करणे त्याला सुचत नाही, कारण त्याला जग वाचवण्यापेक्षा स्वतःचा जुना सल्ला खरा ठरवायचा आहे. ही पात्राची चूक आहे, लेखकाची नव्हे. लेखकाची चूक शोधायचीच असेल तर ती दुसरीकडे आहे : नायकपक्षातील कोणीही त्याच्या गणिताला पुरेसे उत्तर देत नाही, सारे फक्त लढतात. त्यामुळे चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या काहींना थानोसचेच म्हणणे पटू लागले. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

४.५ हेतू नसलेला खलनायक

धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायकाचे वर्णन लोभी, उद्धत, हट्टी, पापी आणि व्यसनी असे येते. हे स्वभावाचे वर्णन झाले. तो तसा का झाला, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. आधुनिक प्रेक्षक तो विचारतो. त्याचे उत्तर मिळाले नाही तर काय होते, हे पाहण्यासाठी आपण अंतराळातून थेट नगरला येऊ.

सदाशिव अमरापूरकर (१९५०–२०१४) हे मूळचे अहमदनगरचे. गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) त्यांनी रामा शेट्टी साकारला. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी ही पटकथा लिहिली होती. रामा शेट्टी फारसे बोलत नाही, ओरडत तर नाहीच. त्याचा पूर्वेतिहास सांगितलेला नाही. तरी त्याचा हेतू स्वच्छ दिसतो, कारण त्याला हवी असलेली सत्ता त्याच्या भोवतीची व्यवस्थाच त्याला देऊ करते. हेतू सांगावाच लागतो असे नाही, तो परिस्थितीत दिसला तरी पुरतो.

‘सडक’ (१९९१) मधील महाराणी ही त्यांची दुसरी गाजलेली भूमिका. खलनायकासाठीचा फिल्मफेअर पुरस्कार त्या वर्षी प्रथमच ठेवला गेला आणि तो त्यांनाच मिळाला. अभिनयाविषयी वाद नाही. परंतु कुंटणखाना चालवणारी ही व्यक्ती क्रूर का, याचे उत्तर पटकथा देत नाही. आणि मग ती तृतीयपंथी आहे, हेच तिच्या क्रौर्याचे कारण असल्यासारखे पडद्यावर दिसू लागते. घटनांतील फट प्रेक्षक कल्पनेने भरतो. हेतूतील पोकळी मात्र बहुधा पूर्वग्रहाने भरली जाते : शरीर, जन्म, जात, भाषा, जे हाताशी असेल त्याने. स्पेस ऑपेरात एखादी परग्रहावरची जमातच ‘दुष्ट’ म्हणून दाखवली जाते, तेव्हा हेच घडत असते. विद्यार्थ्याने आपल्या परीक्षणात हा मुद्दा कधीही नजरेआड करू नये.

४.६ खळ आणि त्याचे वाकडेपण

याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या शेवटच्या पसायदानात ज्ञानदेवांनी खळांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातील वाकडेपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, एवढेच मागितले आहे. ‘खलनायक’ या शब्दातला ‘खल’ तो हाच.

‘रिटर्न ऑफ द जेडाय’ (१९८३) या चित्रपटाचा शेवट याच दृष्टीने पाहावा. डार्थ व्हेडर आपल्या मुलाला वाचवण्यासाठी सम्राटाला खाईत फेकतो आणि स्वतः मरतो. एका कृत्याने आयुष्यभराचे अपराध पुसले जातात काय, यावर चाहते आजही दोन तट पाडून भांडतात. २००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ने हा वाद आणखी अवघड केला : पत्नीला मृत्यूपासून वाचवण्याच्या ध्यासातून व्हेडर अधर्माकडे वळतो, हे त्यात दाखवले, आणि त्याच चित्रपटात त्याच्या हातून निष्पाप बालकांची हत्याही झाली. हेतू कळला, परंतु क्षमा दुरावली. माझ्या मते या दोन चित्रपटांतील हा ताण दोष नाही. हेतू समजून घेणे आणि अपराध माफ करणे यांत अंतर असते, आणि ते अंतर पसायदानातही मिटवलेले नाही; तेथे मागणे मांडले आहे, निवाडा दिलेला नाही.

४.७ स्वाध्याय

आपण पाहिलेल्या कोणत्याही चित्रपटातील किंवा तमाशाच्या वगातील एक खलपात्र निवडा. त्याचा हेतू कथेत कोठे सांगितला आहे, कोठे केवळ दिसतो आणि कोठे मुळीच नाही, हे प्रसंगांच्या आधारे सुमारे ३०० शब्दांत लिहा. हेतू जेथे नाही, तेथे ती जागा आपण स्वतः कशाने भरून घेतली होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवा. शक्य असल्यास तोच चित्रपट पाहिलेल्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे मत विचारून आपल्या उत्तराशी ताडून पाहा. दोन्ही मते जुळली नाहीत, तर कोणाचे बरोबर हे ठरवण्याची घाई न करता मतभेद नेमका घटनेविषयी आहे की हेतूविषयी, एवढे लिहावे.